घरगुती विज्ञान : चाकांवरच्या घरातील ऊब



गोव्यातील एका वाचक भगिनीने पाठविलेला प्रश्न या आठवड्यात उत्तरासाठी घेतला आहे. इंग्लंडात स्विंडनसारख्या शहरांतून आता गोव्याची पुष्कळ कुटुंबे राहतात. या भगिनीचा मुलगाही तिकडेच नोकरीला आहे. त्याने एक जुनी कॅरव्हॅन विकत घेतली असून सुटी मिळाली की तो बायकोमुलांसह तीत राहावयास जातो. येत्या नाताळातही जाणार आहे. भगिनी लिहितात : "गाडीतली गॅसची शेगडी एक तर अंग भाजून काढते, नाही तर पहाटे आपोआप मंदावते आणि मुले कुडकुडतात. खालून गार वारा येतो म्हणून मुलाने जमिनीजवळची जाळीची भोके चिंध्या कोंबून बुजविली. त्यामुळे बरे वाटते, असे तो म्हणतो. पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. हे योग्य आहे काय?"

आईच्या मनाने घेतले ते खरेच आहे. त्या चिंध्या निरोप पोहोचताच काढून टाकाव्यात, मग गाडीत कितीही गारठा वाटो. ती भोके सुताराच्या हयगयीने राहून गेलेली नसून गाडी बांधणाऱ्याने जाणूनबुजून ठेवलेली असतात. कशासाठी, ते पुढे येईलच.

राहिला प्रश्न शेगडी ताब्यात ठेवण्याचा. बटण फिरविले म्हणजे ऊब ताब्यात आली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती तीन ठिकाणी सांभाळावी लागते : बटणापाशी, सिलिंडरपाशी आणि हवेच्या वाटेपाशी. पहिल्या दोन ठिकाणी चुकले तर बहुधा थंडी सोसावी लागते. तिसऱ्या ठिकाणी चुकले तर जीव जाऊ शकतो.

हे घर कसे असते

ज्यांनी कॅरव्हॅन पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोटारीच्या मागे जोडून ओढून न्यावयाचे हे चाकांवरचे घर. लांबी साधारण पाच मीटर, रुंदी दोन मीटर, आणि उंची उभ्या माणसाचे डोके छताला लागू नये एवढी. म्हणजे आतली हवा फार तर वीस घनमीटर. निजणे, बसणे, स्वयंपाक, सारे काही एवढ्याच जागेत. जुन्या गाड्यांच्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मध्ये थर्माकोलसारख्या पदार्थाचा दोनतीन सेंटिमीटरांचा थर.

आपल्याकडील चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात. या पातळ भिंतींपाशी साठवणच नाही. शेगडी मोठी केली की थोड्याच वेळात गाडी तापते, आणि मंदावली की तितक्याच लवकर गार पडते. जमिनीखालून तर वारा मोकळा वाहत असतो. त्यामुळे एकाच वेळी छतापाशी उन्हाळा आणि पायापाशी हिवाळा अशी स्थिती होते. बाकावर बसलेल्या बापाला घाम येत असतो आणि खालच्या बिछान्यावरचे मूल गारठलेले असते.

युरोपातील अनेक जुन्या कॅरव्हॅनांत जी शेगडी आढळते ती जर्मनीतील ट्रुमा या कारखान्याची होय. फिलिप क्राइस या गृहस्थांनी १९४९ मध्ये हा कारखाना काढला आणि त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. पुढे १९६१ पासून कॅरव्हॅनसाठी त्यांच्या शेगड्या येऊ लागल्या. कपाटाच्या खालच्या भागात बसविलेल्या या शेगडीची ज्योत धातूच्या बंद पेटीत जळते. जळण्यासाठी लागणारी हवा गाडीच्या तळाखालून येते आणि जळून उरलेला वायू नळीवाटे छतावर बाहेर पडतो. तापलेल्या पेटीच्या बाहेरच्या अंगाला लागून फिरते तेवढीच खोलीतील हवा. ज्योत आणि माणसे एकाच छपराखाली असली तरी दोघांची हवा वेगळी ठेवलेली असते. या शेगडीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे.

परंतु प्रत्येक जुन्या गाडीत अशीच बंद शेगडी असेल असे नाही. काही गाड्यांत पूर्वीच्या मालकाने उघडी शेगडी आणून ठेवलेली असते. तिची ज्योत किंवा लाल झालेली जाळी खोलीतच उघडी जळते, तिला ना तळाखालची वाट ना छतावरची नळी. अशी शेगडी पेटवून झोपणे सर्वथा वर्ज्य समजावे. म्हणून मुलाने सर्वांत आधी आपली शेगडी कोणत्या जातीची आहे ते पाहावे. यापुढचे विवेचन बंद शेगडीपुरतेच आहे.

बटण काय करते

बटणावर बहुधा १ ते १० असे आकडे असतात. हे उष्णतेचे अंश नव्हेत. ५ वर ठेवले म्हणजे अमुक अंश उष्णता मिळेल, असा त्यांचा अर्थ नाही. शेगडीच्या तळाशी, जमिनीलगत, एक बारीक संवेदक नळी असते. तिच्यातील द्रव गरम झाला की प्रसरण पावतो आणि गॅसची वाट अरुंद करतो. गार झाला की आकुंचन पावतो आणि वाट रुंद होते. बटण एवढेच ठरविते की, या नळीला किती ऊब लागली म्हणजे ज्योत लहान करावयाची.

आता ही नळी जमिनीलगत असल्याने तिला पायाखालचीच हवा कळते. छतापाशी काय चालले आहे त्याचा तिला पत्ता नसतो. दाराच्या फटीतून गार झोत थेट तिच्यावर येत असेल, तर खोली तापली तरी ती "अजून थंडी आहे" असेच सांगत राहते आणि ज्योत मोठीच जळते. अंग भाजून निघते ते या कारणाने. उलटपक्षी, शेगडीसमोर जाड गालिचा, बूट किंवा अंथरुणाची वळकटी ठेवली, तर गरम हवा तेथेच कोंडते, नळी फसते, आणि खोली गार असतानाच ज्योत लहान होते. चिंध्या कोंबल्यावर मुलाला बरे वाटले त्याचेही कारण बहुधा हेच असावे : नळीवर येणारा झोत थांबला. तो थांबविण्याचे निर्धोक उपाय आहेत. दाराच्या फटीला रबराची पट्टी लावावी, खिडक्यांना जाड पडदे लावावेत, जमिनीवर चटई अंथरावी. मात्र शेगडीच्या तोंडाशी हातभर जागा मोकळी असावी आणि कोणताही झरोका झाकला जाऊ नये.

पुष्कळ गाड्यांत शेगडीच्या मागे बॅटरीवर चालणारा लहान पंखा असतो. तो गरम हवा नळ्यांतून गाडीच्या दोन्ही टोकांना जमिनीलगत सोडतो. आवाज होतो म्हणून लोक तो बंद ठेवतात, आणि मग सारी ऊब छताला जाऊन चिकटते. पंखा सावकाश का होईना, चालू ठेवावा. डोके आणि पाय यांतील अंतर त्याने बरेच मिटते. पंखा चालू असताना आणि बंद असताना बटणाचा योग्य आकडा वेगवेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आकडा शोधण्याची रीत सोपी आहे. मुलांच्या बिछान्याच्या उंचीवर एक साधा तापमापक टांगावा. गाडीत पोचताच बटण मोठ्या आकड्यावर ठेवून अर्धा तास गाडी तापू द्यावी, मग ते मधल्या आकड्यावर आणावे. त्यानंतर एका वेळी एकच आकडा कमीजास्त करावा आणि दर वेळी अर्धा तास थांबून तापमापक पाहावा. पाच-पाच मिनिटांनी बटण फिरवीत राहिले तर माणूस आणि शेगडी यांची लपाछपी संपत नाही. योग्य आकडा सापडला की पेन्सिलीने खूण करावी. रात्री निजताना शेगडी पूर्ण बंद करून पहाटे पेटविण्यापेक्षा लहान आकड्यावर चालू ठेवणे बरे. एकदा गारठलेल्या भिंती आणि गाद्या पुन्हा तापविण्यास फार वेळ लागतो.

पेटविताना बटण काही सेकंद दाबून धरावे लागते, त्याचेही कारण आहे. ज्योतीत दोन धातूंच्या जोडाची एक काडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ती तापली म्हणजे तिच्यात व्होल्टच्या काही हजारांश भागांइतकी वीज निर्माण होते आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली की काडी गार होते, वीज थांबते आणि झडप आपोआप मिटते. बटण सोडताच ज्योत विझत असेल, तर बहुधा ही काडी झिजलेली असते. अशा वेळी बटण काडी खोचून दाबून ठेवण्याची युक्ती करू नये; ती युक्ती म्हणजे पहारेकऱ्याचे हातपाय बांधणे होय. आणि पेटविण्याचा प्रयत्न फसला तर पुन्हा पेटविण्यापूर्वी निदान तीन मिनिटे थांबावे, म्हणजे पेटीत साचलेला गॅस निघून जाईल आणि भडका उडणार नाही.

सिलिंडरमधील थंडी

आता पहाटे शेगडी मंदावते त्याविषयी. याचे कारण बटणात नसून बहुधा सिलिंडरात असते. आपण ज्याला गॅस म्हणतो तो सिलिंडरात द्रवरूपाने असतो. चुलीवरचे पाणी उकळून वाफ व्हावी तसा हा द्रव सिलिंडरातच उकळतो आणि त्याची वाफ नळीतून येते. फरक एवढाच की, त्याला उकळण्यासाठी विस्तव लागत नाही. भोवतालच्या हवेची ऊब त्याला पुरते.

या कामासाठी दोन वायू वापरतात. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो. ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे बाहेर बर्फ पडण्याजोगी थंडी असली की ब्युटेन सिलिंडरात नुसताच पडून राहतो. बरे, उकळताना द्रव स्वतःच गार होत जातो. त्यामुळे बाहेर चारपाच अंश उष्णता असूनही रात्रभर शेगडी चालल्यावर ब्युटेनचे सिलिंडर पहाटे हात लाववत नाही इतके थंड होते आणि ज्योत मंदावते. सकाळी ऊन पडले की तेच सिलिंडर पुन्हा चालू होते, आणि माणूस शेगडीला दोष देत बसतो. दोन्ही वायूंचे मिश्रण असेल तर प्रोपेन आधी निघून जातो आणि ब्युटेन मागे राहतो. सिलिंडर हलविल्यावर आत द्रव डुचमळतो, पण ज्योत मिळत नाही.

इंग्लंडात कॅलर कंपनीचे ब्युटेनचे सिलिंडर निळे आणि प्रोपेनचे लाल असते. हिवाळ्यात लालच घ्यावे. मात्र दोहोंचे रेग्युलेटर पूर्वीच्या गाड्यांत वेगळे असत : ब्युटेनसाठी २८ मिलीबार दाबाचा, प्रोपेनसाठी ३७ मिलीबारचा. जुन्या जर्मन गाड्यांत ५० मिलीबारचा असे, आणि २००३-०४ च्या सुमारापासून नव्या गाड्यांत ३० मिलीबार हे प्रमाण आले. म्हणून शेगडीवरच्या पट्टीवर कोणता दाब लिहिला आहे तो वाचून तेवढाच रेग्युलेटर लावावा. दाब जास्त झाला तर ज्योत बेताल होते, कमी झाला तर खुरटते.

सिलिंडर किती दिवस पुरेल याचा हिशेबही मांडून ठेवावा. ट्रुमाची एस ३००२ ही मध्यम शेगडी सर्वांत लहान ज्योतीवर तासाला ३० ग्रॅम आणि सर्वांत मोठ्या ज्योतीवर २८० ग्रॅम गॅस जाळते. मोठ्या ज्योतीवर ६ किलोचे लाल सिलिंडर एकवीस तासांत रिकामे होईल. आपल्या स्वयंपाकघरातील १४.२ किलोचे सिलिंडर, जे घरोघर महिनाभर पुरते, ते अशा शेगडीला सतत लावले तर दोन दिवसांत संपेल. यास्तव नाताळच्या सुटीत दुकाने बंद असताना एक भरलेले सिलिंडर राखून ठेवणे शहाणपणाचे. सिलिंडर नेहमी उभे आणि बाहेरच्या कप्प्यातच असावे. गार पडले म्हणून ते आत आणून निजू नये आणि ज्योतीने शेकू तर मुळीच नये.

हवेची वाट

आता त्या भोकांकडे वळू. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड. कोठे गळती झाली तर गॅस वर न जाता पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीवर साचतो. तो बाहेर पडावा म्हणून जमिनीत भोके ठेवलेली असतात. त्यांतून ताजी हवाही आत येते, आणि छतावरचा झरोका वापरलेली हवा बाहेर टाकतो. वीस घनमीटरांच्या खोलीत चार माणसे निजली असता आणि त्याच खोलीत गॅसची चूल जळत असता ही देवघेव बंद करणे म्हणजे आपणच आपला श्वास कोंडणे होय.

गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही तर तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, गळून गेल्यासारखे वाटते. लोक समजतात, सर्दीताप असेल, आणि पांघरूण ओढून झोपी जातात. झोपेत तर एवढीही सूचना मिळत नाही. घरातील दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी व्हावी आणि बाहेर गेल्यावर ती उतरावी, हे या विषाचे मोठे लक्षण आहे. असे होताच शेगडी बंद करावी, सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत न्यावे आणि डॉक्टरची मदत घ्यावी.

बंद शेगडीतही तिची वाट तुंबली तर धोका आहेच. बर्फ पडल्यावर छतावरचे नळीचे तोंड आणि तळाखालची हवेची वाट रोज सकाळी मोकळी करावी. वारा अडावा म्हणून गाडीच्या तळाभोवती कापड गुंडाळताना तीच वाट बंद होऊ देऊ नये. काही गाड्यांत जळलेला वायू बाजूच्या भिंतीतून निघतो. त्या बाजूला तंबू लावला असेल तर तो वायू तंबूत साचतो आणि दारातून परत आत येतो. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या गाडीच्या नळ्यांत कोळी जाळी करतात, तीही पाहून घ्यावीत. ज्योत निळी आणि स्थिर असावी. पिवळी, लोळणारी ज्योत आणि काजळी ही अपुऱ्या हवेची निशाणी आहे.

स्वयंपाकाची चूल पेटवून गाडी तापविणे हाही एक वाईट परिपाठ आहे. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. शेगडीतली वाफ छतावरून निघून जाते. चुलीतली मात्र खोलीतच राहते, गार भिंतींवर तिचे पाणी होते आणि गाद्या ओल्या होतात. ओलसर अंथरुणात थंडी अधिकच वाजते. कोळशावर मांस भाजण्याची जाळी "आता विझली आहे" म्हणून आत आणणे तर त्याहून वाईट. राखेखालचा निखाराही तेच विष सोडीत असतो.

म्हणून मुलाने खर्चाचा विचार न करता तीन गोष्टी कराव्यात. एक, कॅरव्हॅनसाठी असलेले कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे घंटायंत्र बसवावे. त्यावर युरोपीय मानक ५०२९१-२ असा उल्लेख असतो. दोन, गॅसची रबरी नळी किती जुनी आहे ते तिच्यावर छापलेल्या सालावरून पाहून जुनी असल्यास बदलावी. तीन, निघण्यापूर्वी शेगडी जाणकाराकडून तपासून घ्यावी. इंग्लंडात २००९ पासून अशा कारागिरांची गॅस सेफ रजिस्टर ही नोंदणी आहे. प्रत्येकाजवळ ओळखपत्र असते आणि कोणते काम करण्यास तो पात्र आहे ते त्याच्या मागील बाजूस लिहिलेले असते. सिलिंडरच्या गॅसचा आणि कॅरव्हॅनचा उल्लेख त्यावर आहे की नाही ते पाहावे. जर्मनीत तर अशा गाड्यांची गॅस-तपासणी दर दोन वर्षांनी करण्याची पद्धत आहे. बंद पेटी स्वतः उघडू नये.

आपल्या घरी

आपल्यापैकी बहुतेकांनी कॅरव्हॅन पाहिलेलीही नसेल. परंतु ज्या नियमाने ती भोके उघडी ठेवावयाची, तो नियम आपल्या घरालाही लागू आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडे माघ-पौषाच्या रात्री दारेखिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशी ठेवण्याची रीत अजून काही घरांत आहे. बाळंतिणीच्या खोलीत तर ती प्रेमानेच ठेवली जाते. पेटती शेगडी अंगणात ठेवून निखारे लाल झाल्यावर आत आणली तरी विष संपत नाही. शेकून घ्यावे, मग शेगडी बाहेर ठेवावी आणि त्यानंतरच निजावे. न्हाणीघरातील गॅसचा गीझर ही तीच गोष्ट : लहानशी बंद खोली, उघडी ज्योत, आणि थंडी लागू नये म्हणून लावलेली खिडकी. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवावा आणि न्हाणीघराचा झरोका कधीही बुजवू नये. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या पातळीशी हवेला वाट असावी आणि सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नये.

थंडीवर पांघरूण आहे, गरम पेज आहे, लोकरीची टोपी आहे. कोंडलेल्या हवेवर उतारा एकच, आणि तो आधीच करून ठेवावा लागतो. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी घरातील कोणत्या झरोक्यात चिंधी, पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र कोंबलेले आहे ते एकदा पाहावे आणि काढून टाकावे.